चर बुजवल्याबद्दल जाहीर सत्कार

सभा अकराची म्हणजे ती अकराला सुरू होणार नाही, एवढं सोजरबाईला कळत होतं. पण जेवणाची वेळ होत आली तरी व्यासपीठावर अजून सत्कारच चालले होते, आणि खाली बसलेल्या तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. एक तर सोलापूरचा मे महिना. त्यात महापालिकेच्या झोन ऑफिसचा वरच्या मजल्यावरचा हॉल, पत्र्याच्या खालचा. पंखे होते, फिरतही होते, पण त्यांचा वारा व्यासपीठापलीकडे येत नव्हता.

मागे बॅनर होता, ‘नागरिक संवाद सभा’. संवाद अजून कुणी कुणाशी केला नव्हता. आधी मोठ्या साहेबांचा सत्कार झाला. मग इंजिनिअर साहेबांचा. मग ज्यांचे सत्कार झाले त्यांनी, ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार केले. या गावाला सत्काराचं भारीच वेड. टॉवेल आणि चादरी विणणारं शहर, माल हाताशी. माणूस दिसला की गळ्यात टॉवेल घालायचा, डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची, हातात नारळ द्यायचा आणि फोटोला उभं राहायचं. साहेबाची बदली झाली तरी सत्कार, बदली रद्द झाली तरी सत्कार. आलेल्या नागरिकांच्या तक्रारी शेवटच्या अर्ध्या तासात घ्यायच्या असं ठरलेलं होतं, आणि तो अर्धा तास यायच्या आत साहेबांना दुसऱ्या मीटिंगचा फोन यायचा. मागच्या दोन्ही सभा अशाच पार पडल्या होत्या.

सोजरबाईची तक्रार काही मोठी नव्हती. तिला रस्ता नको होता, बाग नको होती. बिरोबानगरच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चर खणलेला होता, तो बुजवून हवा होता.

हद्दवाढीतली वस्ती. ड्रेनेजची लाइन येणार, येणार म्हणता म्हणता दिवाळीनंतर एकदाची मशीन आली, गल्लीचं तोंड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरुषभर उकरून गेली आणि परत फिरकली नाही. पाइप काही आले नाहीत. गल्ली मागून बंद, तिथं एका गोडाऊनची उंच भिंत. म्हणजे ये-जा करायची ती त्या चरावरूनच. लोकांनी वर दोन फळ्या टाकल्या. पोरं पळत जायची, बायका पाण्याच्या घागरी सांभाळत जायच्या, शिव्या घालत का होईना सगळे सवयीला पडले. सवयीला पडले नाहीत ते एकटे येडूअण्णा, सोजरबाईचे मालक.

येडूअण्णांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. रिक्षा चराच्या पलीकडे थांबायची. अण्णांना फळीवरून चालणं शक्य नव्हतं, म्हणून गल्लीतले चौघे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीचे चार पाय धरून चर ओलांडून द्यायचे. फळी वाकायची. अण्णा डोळे मिटून घ्यायचे. सांगोल्याच्या माळावर लहानपणी मेंढरांमागं दिवस दिवस चाललेला हा माणूस, नंतर सूतगिरणीत पाळी सुटल्यावर बसला पैसे न देता पायी घरी येणारा. त्याला त्या खुर्चीची मरणाची लाज वाटायची. ‘जित्या मानसाला चौघांनी उचलायचं म्हंजे काय खरं न्हाय,’ असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि नंतर त्याबद्दल कधीच बोलला नाही. ते न बोलणंच सोजरबाईला जास्त लागायचं.

मध्यंतरी एका शनिवारी उचलणारे दोघे लग्नाला गेलेले. खेप चुकली. सोमवारपर्यंत अण्णांचे पाय सुजून खांबासारखे झाले, आडवं पडलं की श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी सोजरबाईला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं होऊ देऊ नका, पुढच्या वेळी मी काही सांगू शकणार नाही. त्या दिवसापासून सोजरबाईला तो चर झोपेतही दिसायचा. मुलगा मल्हार पुण्याला कंपनीत, तो फोनवर रोज विचारायचा, बुजवला का. ती म्हणायची, बुजवत्यात.

आज तिच्या शेजारी कुंडलिकराव बसले होते. रहिवासी समितीचे अध्यक्ष. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे माणसं ओळीत उभी करायची आणि साहेब लोकांशी अदबीनं बोलायची त्यांना जन्माची सवय. अण्णांच्या खुर्चीचा मागचा उजवा पाय पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात असे, आणि तो त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. त्यामुळे सोजरबाईला त्यांचा कितीही राग आला तरी बोलायची सोय नव्हती.

आजची युक्ती त्यांचीच. ते दोन सभा डोळे उघडे ठेवून बसले होते आणि त्यांच्या ध्यानात आलं होतं, की तक्रारवाल्याला माइक मिळत नाही, सत्कारवाल्याला मिळतो. मग आपणही सत्काराला नाव द्यायचं. वर जायचं, टॉवेल-टोपी घालायची, आणि माइक हातात आला की वैनींनी चराचं सांगून टाकायचं. साहेब आपली टोपी घालून बसलेले असणार, नाही कसं म्हणतील? कुंडलिकरावांनी पदरमोड करून टॉवेल, टोपी, नारळ आणला होता. सोजरबाईनं तीन दिवस मनात वाक्यं घोळवली होती.

एका गोष्टीचा विचार कुंडलिकरावांनी केला नव्हता. सूत्रसंचालन करणारे चनबसप्पा सर सकाळी दारातच नावं घेत होते, त्यांनी विचारलं, सत्कार कशाबद्दल? आता काहीतरी सांगायला हवं. कुंडलिकराव म्हणाले, ड्रेनेजबद्दल. चनबसप्पा सरांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळले.

हायस्कुलात मराठी शिकवून सरांची जीभ अशी सैल झालेली, की उघडंबोडकं वाक्य त्यांना सहनच व्हायचं नाही. बिरोबानगरचं नाव आलं तेव्हा त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि सुरू केलं, ‘गेली कित्येक वर्षे प्रलंबित असलेला भुयारी गटारीचा जिव्हाळ्याचा प्रश्न आपल्या कर्तव्यतत्परतेने कायमचा मार्गी लावल्याबद्दल, बिरोबानगरमधील समस्त कृतज्ञ नागरिकांच्या वतीने...’

सोजरबाई ताट घेऊन निम्म्या पायऱ्यांवर होती. तिनं वळून कुंडलिकरावांकडे पाहिलं. कुंडलिकराव टोपीची घडी उलगडत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मागे फिरायला वाव नव्हता, मागून पुढचे सत्कारवाले चढत होते.

टॉवेल पडला, टोपी बसली, नारळ दिला, फोटो निघाला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. सोजरबाईनं माइककडे हात केला तसे सर कौतुकानं म्हणाले, की ताईंना आभाराचे दोन शब्द बोलायचे आहेत.

तीन दिवस घोळवलेलं सगळं त्या टाळ्यांत वाहून गेलं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, ‘साहेब, आमच्या गल्लीच्या तोंडाला चर हाय. तो तसाच हाय. कुनी बुजवला न्हाय.’

टाळ्या थांबल्या. साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअर तरुण होता, हजरजबाबी होता, आणि त्याच्याही डोक्यावर मघाची एक टोपी होतीच. तो हसून म्हणाला, ‘मावशी, आत्ता तर तुम्हीच सत्कार केला की.’

हॉल हसला. ज्यांच्या स्वतःच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं तेही पोट धरून हसले. साहेबही हसले आणि मोठ्या समजुतीनं म्हणाले, काम झालं नसेल तर सत्कार कशाला करायचा आई, आणि झालं असेल तर तक्रार कशाला करायची? याच्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. चनबसप्पा सरांनी माइक हळूच काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

सोजरबाईच्या डोळ्यांपुढे लाल झालं. ती रागीट बाई नव्हती. उभ्या आयुष्यात तिनं परक्या पुरुषासमोर आवाज चढवला नव्हता. पण इतके महिने तो चर उघडा पडला होता, तिचा नवरा डोळे मिटून त्याच्यावरून जात होता, आणि ही माणसं टॉवेल गळ्यात घालून हसत होती. ती दोन पावलं पुढे झाली. साहेबांच्या डोक्यावरची टोपी तिनं उचलली, गळ्यातला टॉवेल ओढून घेतला आणि दोन्ही ताटात ठेवलं. नारळ तेवढा राहू दिला, नारळ देवाचा.

‘काम झाल्यावर घालू,’ ती म्हणाली.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. घातलेला आहेर काढून घेणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. हाडवैऱ्याच्या घरी लग्नात गेलेला माणूसही आहेर परत मागत नाही. साहेबांचा हात आपसूक डोक्याकडे गेला, केस सारखे करून खाली आला. हसू मावळलेल्या तोंडानं ते इंजिनिअरला म्हणाले, या आठवड्यात तो चर बुजवून घ्या.

फळी ओलांडून गल्लीत आल्यावर कुंडलिकराव म्हणाले, ‘वैनी, चारचौघांत माझी मान खाली घातली तुमी.’

सोजरबाई म्हणाली, ‘बुजवतो म्हनाले का न्हाई?’

‘म्हनाले. पन असं करतात व्हय? मानसाचा मान असतो की काई.’

मानाबद्दल तिला पुष्कळ बोलता आलं असतं. पण उद्या गुरुवार होता आणि खुर्चीचा मागचा उजवा पाय याच माणसाच्या हातात असणार होता.

आणि खरंच, शुक्रवारी सकाळी मशीन आली. मुरमाचे डंपर आले. दुपारपर्यंत चर बुजला, मशीननं आपल्याच सुपड्यानं वरून ठोकून घेतलं आणि सपाट केलं. गल्लीतली गौरम्मा वाणीण, जी सगळ्यांना सगळं विचारते, तिनं मशीनवाल्याला विचारलं, की अरे बाबा, पाइप कुठं घातलास? तो म्हणाला, पाइपचं आम्हाला माहीत नाही, ते काम वेगळ्याकडे आहे, ते आले की उकरतील. म्हणजे पाइप न घालता खणलेला चर पाइप न घालताच बुजवला होता आणि पाइप घालायला पुन्हा खणणार होते. गौरम्मानं कपाळावर हात मारून घेतला. सोजरबाईला त्याचं काही नव्हतं. पाइप जन्मात न येवोत. तिला फक्त दारापर्यंत चाकं यायला हवी होती.

तिनं घरात जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दोनदा विचारलं, सपाट केलाय का, रिक्षा आत येईल का. ती म्हणाली, दारात येईल, उंबऱ्याला लावायला लावते. त्यावर अण्णांनी काय करावं? पेटीतला इस्त्रीचा सदरा काढायला सांगितला. दवाखान्यात जायला सदरा कशाला, बाही वर करावी लागते, असं ती म्हणाली. पण त्यांनी ऐकलं नाही. उंबऱ्यातून आपल्या पायानं रिक्षात बसायचं, एवढ्याचंच त्या माणसाला लग्नाला निघाल्यासारखं झालं होतं. सोजरबाईनं सदरा काढला, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी भाकरी थापताना तिला माइकची चाचणी ऐकू आली. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. आवाज फार जवळचा होता. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघून जागच्या जागी थांबली.

बुजवलेल्या चराच्या बरोबर वर व्यासपीठ बांधलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर कापडी मांडव, मध्ये मखमली सोफा, दोन्ही कडांना कपाटाएवढे स्पीकर. मागे रस्त्याच्या बाजूला फ्लेक्स, त्यावर साहेबांचा भलामोठा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, की चर बुजवल्याबद्दल जाहीर सत्कार. पुढे गल्लीत खुर्च्या मांडलेल्या. अर्धी गल्ली अंघोळ करून येऊन बसलीही होती.

कुंडलिकराव पांढरे कपडे घालून सुतळीच्या गाठी तपासत होते. तिला बघून ते पुढे आले आणि जरा खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. शुक्रवारी चर बुजल्यावर ते ऑफिसात जाऊन साहेबांची माफी मागून आले. साहेब काही बोलले नाहीत, पण इंजिनिअर म्हणाला, एखादा कार्यक्रम घ्या छोटासा, साहेबांच्या मनातलं निघून जाईल. शिवाय वैनी स्वतःच म्हणाल्या होत्या, काम झाल्यावर घालू. साहेबांना वेळ शनिवारचीच होती. आणि व्यासपीठाला सपाट, रुंद जागा गल्लीत तेवढी एकच होती.

‘आज शनिवार हाय,’ सोजरबाई म्हणाली.

‘ठाऊक हाय की. तुमची रिक्षा अकराला. आपलं धाला उरकतंय. साहेबांनी शब्द दिलाय, वैनी. तुमी काय काळजी करू नका, मी हाय ना.’

या माणसाला डोकं नव्हतं असं नाही, आणि माया नव्हती असंही नाही. साहेब म्हटलं की मात्र त्याला बाकीचं जग दिसेनासं व्हायचं. सोजरबाई घरात गेली आणि तिनं अण्णांना सदरा घातला.

दहा वाजले. साहेब आले नाहीत. फोन केला, निघालेत असं कळलं. साडेदहाला परत फोन, परत निघालेत. चनबसप्पा सर माइकवर बिरोबानगरचा इतिहास सांगू लागले, जो पंधरा-वीस वर्षांपेक्षा जुना नव्हता, पण सरांनी तो पुरवून पुरवून सांगितला. सोजरबाई दारात आणि व्यासपीठापाशी अशा येरझाऱ्या घालत होती. प्रत्येक वेळी कुंडलिकराव हात जोडून म्हणत, पाचच मिनिटं. फ्लेक्स तेवढा सोडा, ती म्हणाली, मधल्या फळ्या काढा, रिक्षा आत घेऊ आणि परत लावा. ते म्हणाले, आता काढलं आणि तेवढ्यात साहेब आले तर?

फ्लेक्सच्या मागून हॉर्न वाजला. रिक्षावाला संगप्पा आला होता. साहेबांच्या फोटोच्या पलीकडून तो हॉर्न वाजवत राहिला आणि खुर्च्यांवरची माणसं माना उंचावून फ्लेक्सकडे बघत राहिली. दवाखान्यात अण्णांच्या नंबरची मशीन थोडा वेळच राखून ठेवत, मग पुढच्याला देत. पुढचे तरी कशाला थांबतील, तेही असेच आलेले.

त्याच वेळी साहेब आले. पाहुण्यांसाठी पायऱ्या मागच्या बाजूनं, रस्त्याकडून केल्या होत्या. फ्लेक्सची कड उचलून साहेब वर आले, इंजिनिअर आला, हलगी वाजली, आणि चनबसप्पा सरांनी सुरुवातीपासून सुरुवात केली.

सोजरबाईच्या मनात त्या क्षणी सगळ्यांबद्दल संताप होता. साहेबाबद्दल, इंजिनिअरबद्दल, चनबसप्पा सरांच्या जिभेबद्दल, खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल, आणि सगळ्यात जास्त कुंडलिकरावांबद्दल. ती घरात गेली. उंबऱ्यात अण्णा सदरा घालून रिक्षाची वाट बघत बसले होते. त्यांच्याकडे न बघता तिनं औषधांची पिशवी खांद्याला अडकवली आणि कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली.

गल्लीतला शिंपी सिद्धराम आणि चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारे दोघे भाऊ, नेहमीचे तिघे, मागच्या रांगेत होते. तिनं नुसती मान हलवली आणि ते उठले. अण्णांनी खुर्ची बघितली. बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथा माणूस व्यासपीठावर ताट धरून उभा होता, म्हणून मागचा उजवा पाय सोजरबाईनं धरला.

लोकांनी खुर्च्या सरकवून वाट दिली. पण गल्लीच्या बाजूनं व्यासपीठाला पायरी नव्हती आणि ते छातीएवढं उंच होतं. पुढच्या दोघांनी खुर्ची वर घेतली, सिद्धरामनं मागून रेटलं, पण सोजरबाईचे हात तेवढे वर जाईनात. खुर्ची तिच्या बाजूला कलली. अण्णांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळले.

कुंडलिकरावांनी ते बघितलं. साहेबांच्या गळ्यात त्यांनी नुकताच टॉवेल घातला होता आणि टोपी हातात होती. त्यांनी ताट टोपीसकट साहेबांच्याच हातात दिलं, कडेला येऊन पांढऱ्या धोतरासकट गुडघ्यांवर बसले, सोजरबाईच्या हातातून खुर्चीचा पाय घेतला आणि वर ओढला.

अण्णा व्यासपीठावर आले. मागोमाग ते तिघे चढले आणि त्यांनी सोजरबाईलाही वर ओढून घेतलं. मखमली सोफ्याच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची टेकली. सगळे धापा टाकत होते. त्या गोंधळात चनबसप्पा सरांची काय समजूत झाली देव जाणे. इस्त्रीचा सदरा घातलेला आजारी माणूस एवढा उचलून वर आणलाय, तो उगाच का आणला असेल? त्यांनी माइक सावरला आणि म्हणाले, की वस्तीतील ज्येष्ठ, वयोवृद्ध नागरिक प्रकृतीची तमा न बाळगता साहेबांना आशीर्वाद देण्यासाठी जातीनं उपस्थित झाले आहेत, साहेबांनी त्यांचा यथोचित सन्मान करावा. टाळ्या वाजल्या. साहेब उठले. त्यांच्या हातात कुंडलिकरावांनी दिलेलं ताट होतंच. त्यांनी टोपी उचलून अण्णांच्या डोक्यावर ठेवली आणि फोटोसाठी वाकून त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

अण्णांनी डोळे उघडले. बोलायला त्यांना दम पुरत नव्हता. माइक तोंडासमोर आला होता म्हणून सगळ्या गल्लीला ते ऐकू गेलं.

‘साहेब, मला दवाखान्यात जायचंय. खाली उतरवा की.’

साहेबांचा हात खांद्यावरून निघाला. चौघांनी खुर्ची उचलली, सोफ्याच्या पुढून साहेब दोन पावलं मागे सरले, इंजिनिअरनं फ्लेक्सची कड वर धरली. पायऱ्या उतरून ते रस्त्यावर आले. मागे सर कार्यक्रमात आलेल्या व्यत्ययाबद्दल मान्यवरांपाशी दिलगिरी व्यक्त करत होते.

संगप्पानं रिक्षा चालू ठेवली होती. अण्णांना आत घेतलं, सोजरबाई शेजारी बसली. कुंडलिकराव परत वर जातील असं तिला वाटलं होतं, पण धोतराला लागलेली धूळ झटकत ते पुढे संगप्पाच्या शेजारी अवघडून बसले आणि म्हणाले, चल.

सोजरबाईच्या तोंडाशी आठवडाभराचं सगळं आलं होतं. कुठून सुरुवात करावी तेच कळत नव्हतं. तेवढ्यात अण्णांनी तिच्या हाताला हात लावला.

‘चर बुजवलाय म्हनालीस न्हवं?’

‘बुजवलाय.’

‘मग रिक्षा दारात का न्हाई आली?’

रागानं तिचे डोळे भरून आले. पुढून, मान न वळवता, कुंडलिकराव म्हणाले, ‘माझ्यामुळं, अण्णा.’

‘व्हय, तुमच्यामुळंच,’ सोजरबाई म्हणाली. मग तिनं अण्णांच्या डोक्यावरची टोपी काढली, आपल्या पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि मांडीवरची डब्याची आणि औषधांची पिशवी धरायला म्हणून पुढे कुंडलिकरावांकडे दिली.